तिसऱ्या गाडीचं काय?

सांता क्लारा
९ मार्च २०२५

चि. संध्या हिस अनेक आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर आणि खरोखरीचं पोस्टाचं तिकीट बघून दचकली असशील. मी लिहितोय म्हणजे मी आहे, तेव्हा आधी चहा कर आणि मग वाच. कागदाचा खटाटोप एवढ्यासाठी की माझा आयपॅड आणि गिरिजाचा फोन एकाच खात्यावर आहेत. मी इकडे टाइप केलं की तिकडे तिला दिसतं, आणि हे प्रकरण तिला इतक्यात कळायला नको.

प्रकरण असं की मी माझ्या अंत्ययात्रेसाठी एस्कॉर्ट कंपनी शोधतोय. म्हणजे शववाहिकेच्या आणि मागच्या गाड्यांच्या पुढेमागे मोटारसायकली घेऊन चालणारे, चौकाचौकात रहदारी थोपवणारे लोक. माझं हृदय आता पंचवीस टक्क्यांवर चालतंय. माझी कार्डिऑलॉजिस्ट मोठी गोड आहे. टक्के सांगते, तारीख सांगत नाही. मग म्हटलं, घोडामैदान जवळ आलंय तर घोडे आपणच पारखून घ्यावेत. चाळीस वर्षं मी चिप्स टेस्ट केल्या. वस्तू कशी चालते ते दुसऱ्यांनी सांगावं, ती कुठे मोडेल ते शोधणं हे माझं काम होतं.

पहिल्या कंपनीला फोन केला. बाईंनी विचारलं, “अंत्यविधीची तारीख?” म्हटलं, अजून ठरलेली नाही. “मृताचं नाव?” गुरुनाथ. “तुमचं त्यांच्याशी नातं?” फार जवळचं. “सर, मृत व्यक्ती सध्या कुठे आहे?” मी म्हटलं, किचनमध्ये, चहा गाळतेय. बाईंनी फोन ठेवला.

आता कामाचं. माझ्या शोभनाच्या अंत्ययात्रेत काय झालं ते तुला सांगायला नको, तुझं खुब्याचं हाड त्यात मोडलं. तरी मला एकदा ओळीने मांडू दे. नोव्हेंबर २०२२. पाच गाड्या, एस्कॉर्ट नाही, कारण सगळे म्हणाले की घरचीच माणसं आहोत आणि गूगल मॅप आहे की. पुढे शववाहिका, तीत ड्रायव्हरशेजारी मी. दुसरी गाडी माझ्या मित्राची, श्रीरंगची. तिसरी गिरिजाची, तिच्या शेजारी तू. मोठ्या चौकात आम्ही दोघं हिरव्यात पार झालो. पलीकडे शववाहिका कडेला जरा थांबली, ड्रायव्हरचं काहीतरी असावं. तेवढ्यात गिरिजा लाल सिग्नलमध्ये घुसली आणि आडव्या आलेल्या पिकअपने तिला उडवलं. तुम्ही दोघी ॲम्ब्युलन्समध्ये गेलात. दोघी शुद्धीवर आहेत एवढं श्रीरंग धावत येऊन सांगून गेला, आणि मी शोभनाला घेऊन पुढे गेलो. लेक आणि बहीण, दोघींपैकी एकीनेही तिला शेवटचं पाहिलं नाही. क्रेमेटोरियममधलं बटण मी एकट्याने दाबलं.

तेव्हापासून गिरिजाने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. सव्वादोन वर्षं. परवा पोळ्या करता करता सहज म्हणाली, “बाबा, तुमच्या वेळी मी त्या लाइनमध्ये येणार नाही हं. मी नंतर उबर करून येईन.” संध्या, माझी एकुलती एक पोर माझ्यामागे उबरने येणार, आणि तीही आली तर. मला झोप लागली नाही. माझ्यामागे कुणी रडो न रडो, गिरिजा तिथे पोहोचली पाहिजे. एवढं एकच काम माझं राहिलंय.

म्हणून विचारतो. पोलिसांच्या रिपोर्टमध्ये एकच ओळ आहे, चालकाने लाल सिग्नल ओलांडला. का ओलांडला? ती सांगत नाही. तू शेजारी होतीस. जे आठवेल ते लिही.

तुझा
गुरुनाथ


श्रूजबरी
२१ मार्च २०२५

ती. गुरुनाथ भावोजी यांस सा. न.

पत्र वाचून आधी हसले, मग रागावले, मग पुन्हा हसले. ताईच्या लग्नात मुंडावळ्या बांधताना तुम्ही गुरुजींना विचारलं होतं, की ही गाठ सुटते का ते कुणी ओढून बघितलंय का? आमचे वडील तेव्हाच म्हणाले होते, जावई हुशार आहे पण कटकट आहे. तुम्ही पंचवीस टक्क्यांवरही तेवढेच कटकटे आहात, म्हणजे तब्येत बरी दिसते.

त्या दिवसाचं मला काही म्हणजे काही आठवत नाही. मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते. डोळे उघडले ते ॲम्ब्युलन्समध्ये.

पण तुम्ही डोक्यात किडा सोडलात. योगायोग बघा, आमच्या शेजारच्या कॅथरीनचे यजमान गेल्या आठवड्यात गेले. अनीश म्हणाला, “आई, तू कशाला थंडीत जातेस?” मी काठी घेतली आणि सूनबाईंच्या, रेणूच्या, गाडीत जाऊन बसले. चर्चच्या आवारात काळ्या कोटातला एक माणूस प्रत्येक गाडीपाशी येऊन काच खाली करायला लावत होता. प्रत्येकीला एक छोटा झेंडा आणि एक कागद. कागदावर रस्ता, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘ओळ तुटली तर तुटू द्या. लाल दिवा दिसला आणि चौकात तुम्हाला सोडायला कुणी उभं नसेल, तर थांबा. आम्ही तुमची वाट बघू. तुमच्याशिवाय विधी सुरू होणार नाही.’

भावोजी, मी ती शेवटची ओळ तीनदा वाचली. कागद सोबत जोडलाय. आपल्याला हे कुणी सांगितलं होतं का? आपण तर सगळे जण पुढच्या गाडीच्या शेपटाला लटकून चाललो होतो.

मग मी कोटवाल्याला गाठलं. माझ्यातली नागपूरची मास्तरीण अजून मेलेली नाही. विचारलं, एका मोटारसायकलमागे किती गाड्या? शेवटची गाडी कोणती हे चौकात उभ्या असलेल्या माणसाला कसं कळतं? तो म्हणाला, शेवटच्या गाडीला दोन झेंडे. विचारलं, विमा कुणाच्या नावाचा? तो म्हणाला, मॅडम, हा प्रश्न पंचवीस वर्षांत मला कुणी विचारला नव्हता, पण पहिला हाच विचारायला हवा. कागद मागून बघा म्हणाला, तोंडी हो म्हटलेलं चालवून घेऊ नका. रेणू शरमेने पार गाडीच्या सीटखाली जायची बाकी होती.

शेवटी मी विचारलं, शववाहिका मध्येच कडेला थांबते का हो? तो म्हणाला, कधीच नाही. ड्रायव्हर स्वतःच्या मनाने थांबवत नाही. आत बसलेल्या घरच्या माणसाने सांगितलं तरच.

आत तर तुम्ही बसला होतात ना?

तुमची
संध्या


सांता क्लारा
६ एप्रिल २०२५

चि. संध्या,

तुझा तो कागद मी फ्रिजवर लावणार होतो, पण फ्रिज गिरिजा उघडते. म्हणून माझ्या औषधांच्या डब्यात ठेवलाय.

आधी दुसऱ्या कंपनीची गंमत ऐक. मालक घरी आला. काळा चष्मा, चकचकीत बूट, बोलणं असं की आपण मेलो नाही याचं वाईट वाटावं. म्हणाला, “सर, मी तुमची लाइन अशी नेईन की एकही लाल दिवा दिसणार नाही. पन्नासच्या खाली काटा येणार नाही.” मी म्हटलं, मला घाई नाही. विम्याचे कागद मागितले तर ऑफिसमधून पाठवतो म्हणाला. रस्ता आधी बघणार का, तर म्हणाला जीपीएस आहे. मला गूगल मॅपवाले आपले लोक आठवले. मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

तिसरी आली योलांडा. साठीची बाई, पांढरी वेणी, मोटारसायकल आमच्या ड्राइव्हवेमध्ये लावून आत आली आणि मी विचारायच्या आधी विम्याचे आणि परवान्याचे कागद टेबलावर ठेवले. गिरिजा तेव्हा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होती. योलांडाने विचारलं, गाड्या किती? म्हटलं, आठदहा. “मग आम्ही तीन जण लागू. एक पुढे, दोघं चौक धरणार. शेवटची गाडी गेली की चौक सोडून पुढच्या चौकात. वयस्कर ड्रायव्हर किती? पहिल्यांदाच अशा ओळीत चालवणारे किती?” मी म्हटलं, पोलिसांसारखं सगळीकडे थांबवता येतं का तुम्हाला? ती म्हणाली, “मी पोलीस नाही. ज्या चौकात शहर मला परवानगी देत नाही, तो मी आधीच नकाशावर दाखवीन. तिथे तुमच्या गाड्या लाल दिव्याला थांबतील. कुणी तुम्हाला सगळं जमेल असं सांगितलं, तर त्याला दार दाखवा.” मी म्हटलं, दाखवलं परवाच.

मग दुसऱ्या दिवशी तिच्या घरच्या गाडीतून आम्ही दोघांनी अकरा मैलांचा तो सगळा रस्ता पाहिला. कुठे शाळा सुटते, कुठे डावीकडे वळायला जागा अपुरी आहे, ती वहीत लिहीत होती. मी आयुष्यात पाहिलेली सर्वांत चांगली टेस्ट इंजिनिअर मोटारसायकल चालवते, आणि मला ती आत्ता भेटली. परतताना तिने विचारलं, “मध्ये कुठे थांबायचंय?”

संध्या, मी मग तिला विसावा समजावून सांगितला. आपल्याकडे तिरडी खांद्यावरून नेताना अर्ध्या वाटेत खाली ठेवतात, खांदेकरी दम घेतात, पुढचे मागे जातात, मागचे पुढे येतात, आणि मग पुन्हा उचलतात. तिला ते फार आवडलं. का खाली ठेवतात, किती वेळ, कुणी काही म्हणतं का, असे शंभर प्रश्न विचारले. म्हणाली, “थांबा की. पण ठरवून. एखादं मोठं पार्किंग बघू, परवानगी घेऊ, सगळी ओळ आत घेऊ, इंजिनं बंद. मग मोजून बाहेर काढू.”

मी तिला आपला अपघात दुसऱ्या कुणाचा तरी म्हणून सांगितला. विचारलं, चूक कुणाची? ती विचारही न करता म्हणाली, “सिग्नल तोडला ती चूक तिसऱ्या गाडीची. पण मी आधी पहिल्या गाडीपाशी जाईन. शेवटच्याला न सांगता पहिली गाडी कुणी थांबवली?”

मी थांबवली. घे, लिहिलं.

तुझ्या प्रश्नाला बगल देणार होतो. म्हातारपणाची सबब तयारच होती. पण खरं हे आहे की त्या थंडगार गाडीत मागे शोभना आणि पुढे रेडिओ बंद करून बसलेला तो ड्रायव्हर, कुणी खांदा नाही, कुणी चालत नाही, पंचेचाळीसच्या वेगाने आपण तिला कुरिअरने पाठवतोय असं वाटलं मला. निदान विसावा तरी मिळू दे तिला. मी ड्रायव्हरला म्हटलं, एक मिनिट थांबव. त्याने चौक ओलांडून कडेला घेतली. मी डोळे मिटून हात जोडले, आणि मागे तो आवाज झाला.

त्यानंतर प्रत्येक जण म्हणाला, गिरिजाचं लक्ष नव्हतं, आई गेलेली, तिने गाडी चालवायलाच नको होती. मी ऐकून घेतलं. एकदाही म्हटलं नाही की गाडी मी थांबवली होती. माझ्या पोरीवर आळ आला आणि मी बाप असून गप्प बसलो. लाज वाटते गं मला. शववाहिका थांबलेली बघून ती गडबडली असणार, दुसरं काय!

तुला हे सांगितलंय. तिला कसं सांगू, ते तू सांग.

गुरुनाथ


सांता क्लारा
२ मे २०२५

चि. संध्या,

चार आठवडे झाले. फोन केला तर अनीश म्हणतो, आई झोपलीय. दुपारी बाराला? मधले चार दिवस मी हॉस्पिटलमध्ये होतो, पायाला पाणी उतरलं होतं, आता बरा आहे. गिरिजा रोज दोन बस बदलून यायची.

तू रागावली असशील तर तो तुझा हक्क आहे. ताई तुझी, हाडही तुझं. पण गप्प बसू नकोस. शिव्या दे, पण नागपुरी दे.

गुरुनाथ


श्रूजबरी
९ मे २०२५

ती. भावोजी,

मी रागावले नव्हते. तोंड दाखवायला जागा नव्हती म्हणून फोनवर आले नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं महिनाभर चाललं होतं माझं. तुमचं पत्र उशीखाली ठेवून मी रोज एक उत्तर लिहायचे आणि फाडायचे. रेणूने केराची टोपली बघून विचारलं, “आई, तुम्ही कविता करताय का?”

रामरक्षा वगैरे सगळं खोटं. मला सगळं आठवतं.

गिरिजा थांबली होती, भावोजी. दिवा पिवळा झाला आणि तिने नीट, हळू ब्रेक लावला. आम्ही लाल दिव्याला पांढऱ्या रेघेच्या अलीकडे उभ्या होतो. ती म्हणाली, “मावशी, गेले ते पुढे, पण मॅप आहे, पोहोचू.” आणि समोर बघितलं तर चौकापलीकडे ताईची गाडी कडेला थांबलेली. मी म्हटलं, “ती बघ, आपल्यासाठी थांबलीय. ताई थांबलीय. चल.” ती म्हणाली, रेड आहे. मी म्हटलं, “अगं मयताच्या वाटेत असं तुटून राहायचं नसतं, आईला ताटकळत ठेवतेस का? कुणी येत नाहीये, जा!” मी डावीकडे बघितलंच नव्हतं. कुणी येत नाहीये हे मी उगाच म्हटलं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, आणि गेली.

तुम्ही लिहिलंत की शववाहिका थांबलेली बघून ती गडबडली असेल. ती नाही गडबडली. मी गडबडले. तुम्ही ताईला विसावा द्यायला थांबलात, आणि मला वाटलं तुम्ही आमच्यासाठी थांबलात. दोघं आपापल्या परीने ताईचंच बघत होतो आणि मध्ये ती पोर सापडली.

पोलीस आला तेव्हा मी स्ट्रेचरवर होते. माझ्या कानांनी ऐकलं, ती त्याला म्हणाली, “माझी चूक. मला दिवा दिसला नाही.” माझं नावही घेतलं नाही. ऑपरेशननंतर माझ्या उशाशी बसून सॉरी मावशी, सॉरी मावशी म्हणत होती आणि मी, सत्तरीला आलेली बाई, तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते. जणू काही मीच तिला माफ करत होते! तो हात मला अजून जड वाटतो.

तिला कसं सांगायचं म्हणून विचारलंत. तोंडाने आपल्या दोघांनाही जमणार नाही, आपण सबबी सांगू. तुमचं ६ एप्रिलचं पत्र याच पाकिटात परत पाठवतेय. ते आणि हे, दोन्ही तिला द्या. काही समजावू नका. द्या आणि खोलीबाहेर जा.

तुमची
संध्या


सांता क्लारा
१६ मे २०२५

चि. संध्या,

दोन्ही पत्रं आज सकाळी तिच्या लॅपटॉपवर ठेवली आणि बाहेर बागेत जाऊन बसलो. तासाभराने ती आली. म्हणाली, “गोळी घेतली का?” घेतली म्हटलं. आत गेली. त्यापलीकडे एक शब्द नाही.

टेस्ट करताना एक शिकलो होतो, बटण दाबल्यावर लगेच पुन्हा दाबायचं नाही, थांबायचं. थांबलोय.

गुरुनाथ


सांता क्लारा
२४ जून २०२५

डिअर मावशी,

मराठीत लिहायला मला वेळ लागतो, so चुका काढू नकोस, किंवा काढ, तुला आवडतं ते. बाबा म्हणाले फोन कर. पण तुम्ही दोघांनी मला कागदावर सांगितलंत, तर मीपण कागदावरच.

तू जा म्हणालीस हे मला माहीत होतं. ऑफ कोर्स माहीत होतं, मी तिथेच होते ना! मी कुणाला सांगितलं नाही, कारण तुला त्या दिवशी एवढं लागलं होतं आणि तुझी ताई गेली होती. आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय तर माझा होता, मावशी. तू म्हणालीस म्हणून मी गेले असं मी स्वतःला खूप वेळा सांगून बघितलं. पटलं नाही.

पण बाबांचं मला माहीत नव्हतं. मला वाटायचं की आईची गाडी थांबलेली मला नुसती दिसली, खरं तर ती थांबलीच नव्हती. मी ते इमॅजिन केलं असेल, मला वेड लागलंय, असं वाटायचं. बाबांना एकदा विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले, ड्रायव्हरचं काहीतरी असेल. त्यांचं पत्र वाचून मला इतका राग आला की दहा दिवस मी त्यांच्याशी फक्त औषधांबद्दल बोलले. त्यांनी एकदाही सॉरी म्हणून माझ्या मागे लागायचं नाही केलं. ते चांगलं केलं त्यांनी. नाहीतर मी ओरडले असते. अकराव्या दिवशी ओरडलेच. मग दोघं खूप रडलो आणि मग खिचडी खाल्ली.

तुम्हा दोघांना माफ केलं असं मला अजून लिहिता येत नाही. पण मी वेडी नाही हे कळलं, त्यासाठी थँक यू.

मग योलांडा आली. बाबांनी तिला सगळं खरं सांगितलं होतं. सगळे मला अडीच वर्षं विचारत होते, तू असं का केलंस? तिने विचारलं, “त्या क्षणी तुला समोरच्या काचेतून काय काय दिसत होतं?” असं कुणी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं. आईची गाडी, तिचे मागचे दिवे, श्रीरंगकाकांनी बाहेर काढलेला हात. ती म्हणाली, “म्हणजे तुला सगळे जण ये म्हणत होते आणि फक्त दिवा नको म्हणत होता. माझं काम काय असतं, माहितीये? त्या दिव्याच्या बाजूने उभं राहायचं.” मी विचारलं, मला प्रॅक्टिस देशील? ती म्हणाली, हे माझ्या कामात बसत नाही, पण रविवारी सकाळी सातला मी रिकामी असते.

तीन रविवार आम्ही एका रिकाम्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरलो. बाबा फोल्डिंग खुर्ची टाकून बसायचे आणि वहीत काहीतरी मार्क करायचे. काय ते विचारू नकोस, मी पाहिलेलं नाही.

आणि परवाच्या रविवारी रिहर्सल केली. बाबांची आयडिया, दुसऱ्या कुणाची असणार? म्हणाले, “टेस्ट न करता मी काहीही वापरलेलं नाही, अंत्ययात्रा का वापरू?” पुढे योलांडा मोटारसायकलवर, मागे माझी गाडी, माझ्या शेजारी ज्यांची अंत्ययात्रा ते स्वतः, सीट बेल्ट लावून. हसू येतंय ना? मलापण येत होतं. तरी निघायच्या आधी मी आरसे तीनदा बघितले.

तो चौक आला. योलांडा पार झाली आणि दिवा पिवळा झाला. मी थांबले. लाल झाला. पलीकडे योलांडा कडेला थांबली, अगदी तिथेच, आणि तिने हात वर केला. ये म्हणून नाही. थांब म्हणून. बाबा काहीतरी बोलायला गेले आणि त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. बहात्तर सेकंद, त्यांनी मोजले. मावशी, ती गेली नाही. ती आमच्यासाठी थांबली होती आणि मला कुठेही धावायचं नव्हतं. दिवा हिरवा झाला, मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि गेले.

पुढे लायब्ररीच्या पार्किंगमध्ये विसावा झाला. बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, योलांडाने आदराने हेल्मेट काढलं. तिथून मी निघाले ती थेट क्रेमेटोरियमच्या दारात.

मला वाटलं होतं तिथून वळून परत यायचं. रिहर्सलच होती. पण मी गाडी पार्क केली, इंजिन बंद केलं, आणि मला कळलं की मी इथे याआधी कधीच आले नव्हते. बाबा माझ्याकडे बघत होते. मी उतरले, तेपण उतरले, माझा हात धरून. आत काउंटरवर एक म्हातारा माणूस होता. त्याने आमच्या मागे बघितलं, आणखी कुणी येतंय का म्हणून. मग अगदी हळू विचारलं, “तुम्ही कुणासाठी आलात?”

बाबा स्वतःच्या अंत्यविधीच्या चौकशीचं सांगणार होते. मी आधी बोलले.

म्हटलं, “माझ्या आईसाठी. मला यायला जरा उशीर झालाय.”

त्याने तारीख विचारली नाही. तो उठला आणि आतलं दार आमच्यासाठी उघडून धरलं.

तुझी
गिरिजा